आयन रँड म्हणते तरी काय, आणि ते कुठपर्यंत चालतं

जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे महिन्याला 1500 रुपये सुरू झाले आणि तेव्हापासून नागपुरात कुठंही चार लोक चहाला उभे राहिले की गाडी तिथंच येऊन राहिली. एक म्हणतो आमच्या टॅक्सचे पैसे आहेत भाऊ, दुसरा म्हणतो मग मोठ्या कंपन्यांची कर्जं बुडतात तेव्हा तू कुठं असतो, आणि तिसरा, बहुतेक इंजिनीअरिंग केलेला, सांगतो की तुम्ही लोक आधी आयन रँड वाचा. मग बाकीचे गप्प, कारण नाव ऐकलेलं असतं, बर्डीवर फुटपाथच्या ढिगात ते जाडजूड पुस्तक पाहिलेलंही असतं, पण हजार पानं वाचतो कोण. आणि जे वाचतात त्यांचे दोनच प्रकार निघतात, एकाला वाटतं आपलं आयुष्यच बदललं आणि दुसऱ्याचं नुसतं नाव ऐकून डोकं फिरतं. या दोघांच्या भांडणात या अमेरिकन लेखिकेचं म्हणणं काय होतं हेच राहून जातं, म्हणून ते पहिल्यापासून पाहू.

बाई कोण होती

जन्म 1905 चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा, खरं नाव अलिसा रोझेनबाउम. वडील केमिस्ट, स्वतःचं औषधाचं दुकान. 1917 ला क्रांती झाली आणि पुढं बोल्शेविकांनी ते दुकान जप्त केलं, का तर ते आता जनतेचं. खातंपितं घर, त्यांच्यावर खायचे वांधे यायची वेळ आली. पोरगी तेव्हा बारा वर्षांची. तिच्या अख्ख्या विचाराचं मूळ या दुकानात आहे असं मला वाटतं, कारण पुढं आयुष्यभर कुणी 'जनतेसाठी', 'समाजासाठी' असं म्हटलं की तिला पहिले हेच दिसायचं की आता कुणाच्या तरी दुकानाला टाळं लागणार.

1926 ला ती अमेरिकेत पोचली, हॉलिवुडमधे मिळेल ते काम केलं, स्क्रिप्ट लिहिल्या. 'द फाउंटनहेड' बारा प्रकाशकांनी परत पाठवली आणि शेवटी 1943 ला निघाली. 'ॲटलस श्रग्ड' 1957 ची. त्यानंतर कादंबरी नाही, फक्त लेख, भाषणं आणि भांडणं. 1982 ला न्यूयॉर्कमधे गेली. दोन्ही कादंबऱ्या मराठीतही आल्या आहेत.

गोष्टी थोडक्यात अशा. फाउंटनहेडमधला हॉवर्ड रोर्क आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची नक्कल करणार नाही म्हणून कॉलेजातून काढून टाकलेला, काम नाही तर दगडाच्या खाणीत जाऊन राबतो पण डिझाइनमधे एक खिडकी बदलू देत नाही. शेवटी त्याचं डिझाइन शब्द मोडून बदललं जातं तेव्हा तो ती बांधलेली इमारत डायनामाइट लावून उडवतो, आणि ज्युरी त्याला निर्दोष सोडते! ॲटलस श्रग्डमधे देशातले सगळे हुशार लोक, म्हणजे शोध लावणारे, कारखाने चालवणारे, एकेक करून गायब होतात. त्यांनी संप केलेला असतो. मजुरांचा संप सगळ्यांनी पाहिलेला, हा मालकांचा आणि इंजिनीअरांचा संप, आणि देश ठप्प होतो.

मूळ मुद्दा

तिच्या तत्त्वज्ञानाचं नाव ऑब्जेक्टिव्हिझम, मराठीत वस्तुनिष्ठावाद म्हणू आणि सोडून देऊ. ते एकावर एक रचलेलं आहे. सगळ्यात खाली हे, की जग जसं आहे तसं आहे, तुमच्या इच्छेनं, नवसानं, बहुमतानं ते बदलत नाही. त्याच्यावर हे, की ते जग समजून घ्यायला माणसाकडं बुद्धी हे एकच साधन आहे, आणि बुद्धी चालते ती एकेका माणसाची, समाजाला वेगळा मेंदू नसतो. इथपर्यंत बहुतेक लोक मान डोलावतात. खटका तिसऱ्या पायरीवर उडतो. ज्या अर्थी विचार मीच करायचा आणि जगायचंही मलाच, त्या अर्थी माझं आयुष्य हे माझ्यासाठी आहे, मी दुसऱ्यासाठी बळी जाणार नाही आणि दुसऱ्याला माझ्यासाठी बळी जा म्हणणार नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिचे चाहते आणि विरोधक दोघंही विसरतात. आणि चौथी पायरी राजकारणाची, की कुणीही कुणावर जबरदस्ती करायची नाही, सरकारनंही नाही, सरकारचं काम पोलीस, सैन्य आणि कोर्ट एवढंच. टॅक्ससुद्धा आदर्श समाजात ऐच्छिक असावा म्हणते ती.

तिनं 1964 च्या आपल्या लेखसंग्रहाला नावच 'स्वार्थ हा सद्गुण' अशा अर्थाचं दिलं, लोकांना झटका बसावा म्हणून मुद्दाम. तिचा राग दयाळूपणावर नव्हता. राग होता तो परार्थवादावर, म्हणजे माणूस दुसऱ्याच्या कामी आला तरच त्याच्या जगण्याला किंमत, नाही तर नाही, या शिकवणीवर.

आता हे तर्री पोह्याच्या ठेल्यावर लावून पाहा. सकाळी सातला ठेलेवाला पोहे देतो, तुम्ही पैसे देता. तो तुमच्यावर उपकार करत नाही, तुम्ही त्याच्यावर करत नाही. त्याला पैसे हवे, तुम्हाला तर्री, दोघंही आपापलं बघतात आणि दोघंही खूश होऊन जातात. तर्री पांचट झाली की तुम्ही पुढच्या चौकातल्या ठेल्यावर, भाषण नको, मोर्चा नको. रँडचं म्हणणं की माणसामाणसातलं प्रत्येक नातं, धंदाच नाही तर मैत्री आणि प्रेमसुद्धा, असंच बरोबरीच्या देण्याघेण्याचं पाहिजे. प्रेमात पैशाऐवजी गुणांची देवघेव, एवढाच फरक.

म्हणजे लोभी लोकांची वकिली?

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो आणि तो कादंबरी न वाचता घेतलेला असतो. फाउंटनहेडमधे पीटर कीटिंग नावाचा एक आहे, रोर्कच्या कॉलेजातला. पहिला नंबर, मोठी फर्म, पैसा, सायबाच्या पुढंपुढं, गरज पडली की दुसऱ्याचं काम आपल्या नावावर. आपण याला पक्का स्वार्थी म्हणू. रँड म्हणते याच्याकडं 'स्व' आहेच कुठं. याला व्हायचं होतं चित्रकार, आईनं ढकललं म्हणून झाला आर्किटेक्ट, आवडते तिला सोडून लोकांना इम्प्रेस करणारीशी लग्न केलं, हा अख्खा माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगतो. हा कीटिंग आपल्याकडं घरोघरी आहे. शेजारच्याचा पोरगा जेईईला बसला म्हणून आपला बसवायचा, आठवीपासून क्लास लावायचा, त्याला काय आवडते ते विचारायला कुणाला टाइम नाही, आणि पंचविशीत तो पोरगा पुण्यात चांगल्या पगारावर बसून विचार करून राहिला की हे मी काहून करतोय. इंजिनीअरिंगच्या होस्टेलात हे पुस्तक पिढ्यानपिढ्या हातोहात का फिरतं त्याचं उत्तर मला इथंच दिसतं. त्या वयात तुला काय वाटतं ते महत्त्वाचं आहे असं सांगणारं दुसरं कुणी भेटलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट, तिच्या खलनायकांत उद्योगपती भरपूर आहेत. ॲटलसमधला जेम्स टॅगर्ट अख्खी रेल्वे कंपनी सांभाळतो, पण त्याची सगळी हुशारी वॉशिंग्टनला ओळखी काढून स्पर्धकाला धंद्यातून हाकलण्यात. म्हणजे टेंडर सेटिंगवर मोठे झालेले, एमआयडीसीत सवलतीचा प्लॉट ओळखीनं उचललेले लोक जेव्हा मी सेल्फ-मेड आहे म्हणून रँडचा दाखला देतात तेव्हा त्यांनी एकदा बघून घ्यावं की कादंबरीत आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत.

आणि विदर्भाला तिचा एक मुद्दा पुस्तक न वाचता पटावा असा आहे. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस तुमचा, घाम तुमचा, पण विकायचा फक्त सरकारच्या पणन महासंघाला. मध्य प्रदेशात भाव जास्त असला तरी नेता येत नव्हता, नेला तर गुन्हा. योजना वाईट मनानं आणलेली नव्हती, व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सुटावा म्हणूनच होती, आणि भाव पडलेल्या वर्षी तिचा आधारही झाला. पण स्वतःचं पीक स्वतःच्या मर्जीनं विकायला मनाई, ही गोष्ट पीटर्सबर्गच्या त्या केमिस्टाच्या पोरीला एका वाक्यात समजली असती. शरद जोशींची शेतकरी संघटना याच्याच विरोधात उभी होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत. पण एक गंमत बघा, एकेकट्या शेतकऱ्याला ते स्वातंत्र्य मागायलाही संघटनाच काढावी लागली, रस्त्यावर हजारो लोक एकत्र यावे लागले. फाउंटनहेडमधे असं होत नाही, तिथं हिरो एकटाच पुरतो.

मग गरिबानं मरायचं का

रँडचं सरळ उत्तर असं, की मदत करायची मनाई नाही. ज्याची तुम्हाला कदर आहे त्याला करा, अनोळखी माणूस बुडत असेल आणि तुमच्या जिवाला फार धोका नसेल तर त्यालाही काढा, त्यावर तिचा वेगळा लेखच आहे. पण मदत हे कर्तव्य नाही, आणि एकाची गरज म्हणून दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा हक्क सरकारला नाही.

इथं मला तिचा विचार तोकडा वाटायला लागतो. त्याच तर्री पोह्याच्या ठेल्यावर परत या. तो ठेलेवाला एकदम चाळीस वर्षांचा, हातात झारा घेऊन जन्माला आला नाही. त्याला कुणीतरी भरवलं, आजारपणात मेयो या सरकारी दवाखान्यात नेऊन लाइनीत उभं केलं, मनपाच्या शाळेत दोन अक्षरं शिकवली. ठेला उभा आहे तो रस्ता त्यानं बांधला नाही. यातलं काहीच देवाणघेवाणीत बसत नाही, लहान पोराकडं द्यायला असतं काय? रँडच्या कादंबऱ्यांत लहान मुलं जवळपास नाहीतच, म्हातारे आजारी आईबाप नाहीत, रात्रभर जागणारं कुणी नाही. तिला स्वतःला मूल नव्हतं म्हणून असं, असला फालतू टोमणा मी मारणार नाही. अडचण तिच्या मांडणीतच आहे. तिचा हिशोब सुरू होतो तो धडधाकट, शिकलेल्या, मोठ्या माणसापासून, आणि तो माणूस तयार करायचा खर्च कुणाच्या वहीत मांडायचा ते ती सांगत नाही. तिचे लोक यावर म्हणतात की मूल जन्माला घालणं हा आईबापाचा स्वतःचा निर्णय, म्हणून जबाबदारीही त्यांची. ठीक आहे, पण आईबाप गरीब असले तर पोराचा काय गुन्हा, हा प्रश्न तिथंच राहतो.

स्वतः सरकारी पैसे घेतले होते ना तिनं?

हो, घेतले. 1974 ला फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नंतर तिनं अमेरिकेतल्या म्हातारपणीच्या सरकारी योजनेचे, सोशल सिक्युरिटीचे, पैसे घेतले. इंटरनेटवर हा मुद्दा तिला खोटी पाडायला हमखास वापरतात. पण यावर तिनं 1966 लाच लिहून ठेवलेलं आहे. सरकारनं जे पैसे तुमच्याकडून जबरदस्तीनं घेतले ते स्कॉलरशिप, पेन्शनच्या रूपात परत मिळत असतील तर घ्या, अट एकच, की तुम्ही त्या पद्धतीच्या विरोधात असायला पाहिजे. म्हणजे लाडकी बहीणला उघड विरोध करणारी बाई 1500 घेईल तर रँडच्या हिशोबानं चालते, आणि योजनेचं कौतुक करत घेईल तर चालत नाही. तर्क पक्का आहे हे मान्य, पण ज्या बाईला खरंच गरज आहे तिलाच घ्यायचा नैतिक हक्क नाही असं जे त्यातून निघतं ते ऐकायला विचित्र लागतं.

ग्रीनस्पॅनचं काय झालं

ॲलन ग्रीनस्पॅन हा तरुणपणी तिच्या अगदी जवळच्या गोतावळ्यातला. पुढं तो 1987 ते 2006 अमेरिकेच्या फेडचा, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थेचा, प्रमुख होता. 2008 ला बँका कोसळल्या आणि ऑक्टोबरमधे संसदेच्या समितीसमोर त्यानं कबूल केलं की बँका स्वतःच्या फायद्यासाठी तरी भागधारकांचे पैसे सांभाळतील हा आपला विश्वास होता आणि त्यात खोट निघाली. विरोधक म्हणतात बघा, संपला विषय. रँडवाले म्हणतात की व्याजदर ठरवणारी सरकारी संस्थाच तिला मान्य नव्हती, तो तिथं जाऊन बसला तेव्हाच त्यानं तिला सोडलं. दोघांचंही थोडं खरं आहे, पण एक उरतंच. माणूस आपलं दूरचं हित बुद्धीनं पाहतो हे तिनं गृहीत धरलं, आणि बोनस या वर्षीचा असेल तर माणूस या वर्षीचंच पाहतो.

तत्त्वज्ञान शिकवणारे तिला का घेत नाहीत

युनिव्हर्सिटीवाल्यांनी तिला बराच काळ सिरियसली घेतलंच नाही, थोडा माज त्यांचा, थोडी तिची शिवराळ भाषा. पण रॉबर्ट नॉझिकसारखा तत्त्वज्ञ, जो स्वतः कमीत कमी सरकारच्या बाजूचा, त्यानंही 1971 ला लिहिलं की हिचे निष्कर्ष मला बरेच पटतात पण ही तिथं पोचते कशी तेच जुळत नाही. मुख्य भोक असं. माझं हित हेच माझं अंतिम माप असेल, तर कुणाला कळणार नाही याची खात्री असताना मी चोरी का करू नये? रँड म्हणते चोरी करणारा खोट्यावर जगतो, सतत दुसऱ्यावर अवलंबून राहतो, तो खऱ्या अर्थानं आपलं हित साधतच नाही. ऐकायला छान. पण ज्यांची जमिनीची प्रकरणं दाबली गेली आणि जे रात्री निवांत झोपतात अशी उदाहरणं आपल्याला शोधायला लांब जावं लागत नाही.

आणि जात?

नागपुरात राहून हा प्रश्न टाळता येत नाही, आणि मला तर रँडची खरी परीक्षा इथंच वाटते.

वंशभेदाबद्दल ती कडक होती. 1963 च्या लेखात तिनं त्याला समूहवादाचा सगळ्यात हलका, रानटी प्रकार म्हटलं, कारण तो माणसाला त्याच्या रक्तावरून मोजतो, कामावरून नाही. जातीलाही हे जसंच्या तसं लागू. पण त्याच लेखात तिनं अमेरिकेत येऊ घातलेल्या नागरी हक्क कायद्याच्या एका भागाला विरोध केला, जो भाग खाजगी हॉटेल-दुकानांना भेदभाव करायची बंदी घालत होता. सरकारनं भेदभाव करू नये हे बरोबर, पण खाजगी मालकानं कुणाला आत घ्यावं हा मालमत्तेचा हक्क, तो मोडता येणार नाही. वाईट मालकाशी लढायचं ते बहिष्कारानं, नैतिक दबावानं.

आता 1917 चं बडोदं आठवा. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, बडोदा संस्थानाची स्कॉलरशिप घेतलेला, नोकरीचा करार पाळायला आलेला एक तरुण. बुद्धी आहे, कष्ट आहेत, खिशात भाडं आहे. रँडच्या कादंबरीतला हिरो म्हणून शोभावा असा. त्याला राहायला कुणी जागा देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिला, कळल्यावर लाठ्या घेऊन लोक आले आणि त्याला बाहेर काढलं. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. लाठ्यांचा निषेध रँडनंही केला असता, ती जबरदस्ती आहे. पण ज्यांनी नुसतं जागा नाही म्हटलं त्यांचं काय? तिच्या नियमानं तो त्यांचा हक्क. बहिष्कार टाका म्हणाल तर कुणावर, अख्ख्या शहरावर? बाजार शिक्षा करेल म्हणाल तर बाजारानं उलट केलं असतं, ज्यानं जागा दिली असती त्यालाच त्याच्या समाजानं वाळीत टाकलं असतं. भाडं सोडण्यात तोटा होता पण भाडं घेण्यात त्याहून मोठा होता. आजही नागपुरात फ्लॅट भाड्यानं घेताना पूर्ण नाव विचारतात ते पत्रव्यवहारासाठी नाही.

म्हणून बाबासाहेब व्यक्तिवादी नव्हते असं कुणी समजू नये. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी गावगाड्यावर कडाडून टीका केली आणि मसुद्यानं गावाला सोडून व्यक्तीला एकक मानलं याचा आपल्याला आनंद आहे असं सांगितलं. गाव, जात, कुटुंब यांच्या तावडीतून एकटा माणूस सुटला पाहिजे हे ध्येय दोघांचं एकच. पण मग घटनेत कलम 15 चा दुसरा भाग आला. दुकानं, हॉटेलं यांत आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्त्यांवर जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, आणि त्यातली दुकानं-हॉटेलं तर बहुतेक खाजगी मालकीचीच. रँडनं जिथं कायद्याला दार बंद केलं तिथूनच बाबासाहेबांनी कायदा आत नेला. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी कारणही दिलं, की समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं बाकीच्यांवर वर्चस्व, आणि स्वातंत्र्यावाचून समता व्यक्तीची उमेदच मारते. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग रँडनं आनंदानं सही करून दिला असता.

रँडवाले यावर म्हणतील की एकदा सरकारला खाजगी दारातून आत घेतलं की ते थांबत नाही, उद्या कापूस कुणाला विकायचा तेही सांगेल. ही भीती खोटी नाही, तो कापसाचा अनुभव आपणच घेतलाय. पण सरकारचा हात कुठं पाहिजे आणि कुठं नको हे प्रत्येक ठिकाणी वेगळं भांडून ठरवावं लागतं, आणि रँडला नेमकं तेच नको होतं, तिला एकच नियम पाहिजे होता जो कापसालाही लागेल आणि बडोद्यालाही.

वाचायचं तर काय वाचू

फाउंटनहेडपासून सुरू करा, पहिली शंभर पानं सरकली की पुढं गाडी थांबत नाही. कीटिंगची पानं नीट वाचा, रोर्कची भाषणं चाळली तरी चालेल. ॲटलसमधे जॉन गॉल्टचं रेडिओवरचं साठेक पानांचं भाषण आहे, तिथं आजवर बरेच शहीद झाले, ते सोडून द्या आणि शेवट वाचून हवं तर परत या. नुसता युक्तिवाद पाहिजे असेल तर 1964 चा लेखसंग्रह छोटा आहे, वंशभेदावरचा तो लेखही त्यातच आहे. आणि त्याच्या सोबत बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबरचं भाषण घ्या, घटना समितीच्या कामकाजात पूर्ण मिळतं, ॲटलसच्या एका प्रकरणापेक्षा कमी वेळात वाचून होतं.